वायरमनची मजुरी : एका धान्य-व्यापाऱ्याच्या दृष्टीने

आपल्या संघाच्या स्मरणिकेत दरसाल धान्याच्या भावांविषयी, बाजार समितीच्या नियमांविषयी, वस्तु व सेवा कराविषयी जाणकार मंडळी लिहीत असतात. त्या पंगतीत विजेच्या कामगाराच्या मजुरीचा विषय कोठून आला, असा प्रश्न काही सभासद बंधूंस पडण्याचा संभव आहे. मी विजेच्या धंद्यातला नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ बेळगावच्या रविवार पेठेत घाऊक धान्याचा व्यापार करीत आलेला मी एक साधा मनुष्य आहे. परंतु भाव कशाने चढतो व कशाने उतरतो याचा विचार करणे हा ज्याचा जन्माचा धंदा, त्याने जोंधळ्याच्या भावाप्रमाणेच श्रमाच्या भावाचाही विचार करावयास हरकत नसावी. शिवाय ज्या गुदामात आपले लाखो रुपयांचे धान्य रचलेले असते, त्या गुदामाच्या भिंतीतून कोणाच्या हातची तार गेली आहे व त्या हाताला आपण काय दिले, हा प्रश्न आपल्या धंद्याबाहेरचा आहे असे म्हणता येणार नाही.

वीज ही आपल्या जिल्ह्याला नवी नाही. गोकाकच्या धबधब्यावर पाण्याच्या बळाने गिरणी चालविण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच झाला. आज आपल्या पेढीवरील वजनकाटा, संगणक, निवडणीचे यंत्र, गिरणीची मोटर, घरातील पाण्याचा पंप, इतकेच काय पण दारावरची घंटासुद्धा विजेवर चालते. वीज दोन तास गेली की आपण हवालदिल होतो. परंतु ती ज्याच्या हातून घरात आली तो मनुष्य महिन्याकाठी काय मिळवितो, हे आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असते. हमालीचा दर आपणांस तोंडपाठ असतो. वायरमनचा दर मात्र आपण दर वेळी नव्याने घासाघीस करून ठरवितो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. विजेचा कामगार हा एकाच जातीचा माल नव्हे. गहू म्हटला की खपली, बन्सी, लोकवन हे भेद जसे पाहावे लागतात, तसेच येथेही आहे. वीज कंपनीच्या नोकरीतील लाईनमन हा एक. आपल्याकडे २००२ पासून हुबळीची वीजपुरवठा कंपनी, म्हणजे हेस्कॉम, हे काम पाहते. तिच्या कायम नोकरीत असलेल्यास वेतनश्रेणी, महागाईभत्ता, रजा इत्यादि सर्व काही असते. २०२४ साली राज्यातील वीज कंपन्यांनी कनिष्ठ कर्मचाऱ्यांच्या सुमारे तीन हजार जागांसाठी अर्ज मागविले. त्यांतील पॉवरमनच्या जागांसाठी मॅट्रिकचे गुण पाहण्यात आले व उमेदवारास विजेच्या खांबावर चढून दाखवावे लागले. दुसरा प्रकार कंत्राटदाराकडील कामगाराचा. तो त्याच खांबावर चढतो, त्याच तारा ओढतो. परंतु त्याचे वेतन कंत्राटदाराच्या मर्जीवर असते. तिसरा, उद्यमबागेतील ओतशाळांत व यंत्रशाळांत मासिक पगारावर असलेला इलेक्ट्रिशियन. चौथा, मोटर वाइंडिंगच्या दुकानात बसून जळालेल्या मोटरीला नवे तांबे भरणारा कारागीर. आणि पाचवा, ज्याच्याशी आपला नित्य संबंध येतो तो, खांद्याला पिशवी अडकवून फटफटीवरून येणारा घरगुती वायरमन. ह्या पाचही जणांची विद्या जवळजवळ एकच. परंतु प्राप्तीत जमीन-अस्मानाचे अंतर. तेव्हा केवळ विद्येने मजुरी ठरत नाही, हे येथेच सिद्ध होते. मग ती कशाने ठरते?

सरकारने ठरविलेल्या दरापासून आरंभ करू. १९४८ च्या किमान वेतन कायद्यापासून आपल्या देशात कामगारांच्या पायऱ्या पाडण्याची रीत पडली : अकुशल, अर्धकुशल, कुशल व अतिकुशल. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली व तो जुना कायदा तिच्यात विलीन झाला. पायऱ्यांची कल्पना मात्र कायम आहे. केंद्र सरकारच्या अखत्यारीतील बांधकामांवर मोठ्या शहरांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये जे किमान दर जाहीर झाले ते असे : अकुशल कामगारास दिवसाला ७८३ रुपये, अर्धकुशलास ८६८, कुशलास ९५४ आणि अतिकुशलास १,०३५. राज्य सरकारचे दर निराळे असतात व भागपरत्वे बदलतात; परंतु उदाहरणादाखल हे आकडे पुरेसे आहेत. आता व्यापाऱ्याच्या नजरेने त्यांकडे पाहावे. विटा वाहणाऱ्या आणि वीज जोडणाऱ्या हातांत दिवसाकाठी फरक किती? १७१ रुपये. सव्वीस दिवसांच्या महिन्यात ४,४४६ रुपये. ज्या मुलाने मॅट्रिकनंतर दोन वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत घालविली, त्या दोन वर्षांची मजुरी सोडली, परीक्षा दिली, त्याच्या विद्येचे मोल कागदावरसुद्धा एवढेच ठरते. अंगमेहनत करणाऱ्याचा दर जास्त आहे असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. कौशल्याचा दर कमी आहे, हे मला दाखवावयाचे आहे. ज्या बाजारात उत्तम प्रतीला व साधारण प्रतीला जवळजवळ एकच भाव मिळतो, त्या बाजारात उत्तम माल येईनासा होतो, हे आपणांस कोणी शिकवावयास नको.

आता प्रतवारीचा मुद्दा. विजेचे काम कोणी करावे याविषयी नियम आजचे नव्हेत. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांतील पंचेचाळिसाव्या नियमाने असे ठरविले होते की, जोडणीचे काम परवानाधारक विद्युत् कंत्राटदारानेच करावे, त्यावर प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची देखरेख असावी, आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याजवळ परमिट असावे. पुढे २०१० मध्ये व पुन्हा २०२३ मध्ये केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाने सुरक्षेचे नवे विनियम केले, त्यांतही हेच तत्त्व आहे. नियम उत्तम आहे. व्यवहार काय चालतो? परवाना एकाचा, सही दुसऱ्याची आणि हात तिसऱ्याचे. कंत्राटदार कागदावर सही करून आपला हक्क घेतो, काम मात्र परमिट नसलेला पोरगा करून जातो. गोणीवर एक प्रत लिहावयाची व आत दुसरा माल भरावयाचा, असे कोणी आपल्या पेठेत केले तर आपण त्याच्याशी व्यवहार तोडू. येथे मात्र आपण स्वतःच तशी गोणी मागतो. कारण ती चार पैशांनी स्वस्त पडते. ह्याचा परिणाम असा होतो की, ज्याने कष्टाने परमिट मिळविले त्याच्या परमिटाला बाजारात मोल राहत नाही. प्रतवारीची किंमत घेणाऱ्याने दिली नाही, तर देणाऱ्याने प्रत का राखावी?

दुसरे कारण आवक व मागणी यांचे. बेळगाव हे दोन-तीन मोठ्या बाजारांच्या कड्यावर वसलेले गाव आहे. हात बसलेला कारागीर घाट उतरून गोव्यात जातो; तेथे हॉटेलांची व बंगल्यांची कामे असतात. कोणी पुण्यास जातो. मॅट्रिक झालेल्याच्या पारपत्रावर परदेशी मजुरीसाठीच्या तपासणीची अट लागत नाही, त्यामुळे कित्येक मुले आखाती देशांत जातात. म्हणजे उत्तम माल बाहेरगावी जातो आणि आपल्या पेठेत मधला व हलका माल शिल्लक राहतो. मग आपण तक्रार करतो की, चांगला वायरमन मिळत नाही. मिळेल कसा? जो भाव गोव्याचा व्यापारी देतो त्याच्या आसपास आपण गेलो नाही, तर माल घाटाखाली जाणारच. तांदळाच्या बाबतीत जे आपणांस क्षणात समजते ते माणसाच्या बाबतीत का समजू नये?

तिसरे कारण कामाच्या दिवसांचे. दिवसाला नऊशे रुपये मजुरी ऐकून आपल्यापैकी कित्येकांच्या भुवया चढतात. परंतु रोजी आणि प्राप्ती यांत मोठा फरक आहे. पावसाळ्यात बांधकामे मंदावतात. दसरा-दिवाळीच्या आधी एकदम गर्दी उसळते व मागाहून ओसरते. गवंड्याचे काम लांबले की वायरमन खोळंबतो; गिलावा झाल्याखेरीज त्यास पुढे सरकता येत नाही. आपण असे धरून चालू की, वर्षाची सरासरी काढता त्यास महिन्यात वीस दिवस काम मिळते. नऊशेप्रमाणे अठरा हजार झाले. त्यांतून फटफटीचे पेट्रोल, भ्रमणध्वनीचा खर्च, मोडलेले ड्रिल, बदलावयाचे पक्कड-टेस्टर यांपोटी अडीच हजार वजा करावे. साडेपंधरा हजार उरले. त्यांत घरभाडे, मुलांची शाळा, आजारपण, आईबापांचे औषध. त्याला पगारी रजा नाही, बोनस नाही, निवृत्तिवेतन नाही. पन्नाशी उलटली की शिडीवर पाय ठरत नाही, नजर मंदावते, आणि तेथे धंदा संपतो. आपल्या पेढीवरील मुनीम साठीनंतरही गादीवर बसू शकतो. वायरमनला ती सोय नाही.

चौथे कारण जोखमीचे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात विजेचा धक्का बसून देशात बारा हजारांहून अधिक माणसे दगावली. हे सर्व कामगार होते असे नव्हे. त्यांत शेतकरी, गृहिणी, मुले सर्वच आले. परंतु जो नित्य त्या तारेला हात लावतो त्याची जोखीम सर्वांहून अधिक, हे उघड आहे. व्यापारात जोखमीला मोल असते. म्हणूनच आपण विम्याचा हप्ता भरतो. येथे जोखीम कामगाराची, आणि तिचे मोल मात्र कोणीच देत नाही. कारखान्यातील इलेक्ट्रिशियनला राज्य विमा योजनेचा आधार असतो. २०१७ पासून मासिक वेतनाची मर्यादा २१,००० रुपये ठरली, आणि जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा शेकडा सव्वातीन व कामगाराचा पाऊण, असा हिशेब लागू झाला. अपघाती नुकसानभरपाईचा कायदा तर १९२३ पासूनचा. आता तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. परंतु हे सर्व आधार मालक असलेल्या कामगाराचे. जो आज आपल्या घरी, उद्या शेजाऱ्याच्या घरी काम करतो, त्याचा मालक कोण? शिडीवरून पडला तर गुदामाचा धनी म्हणतो, तो कंत्राटदाराचा माणूस. कंत्राटदार म्हणतो, तो त्या दिवशी स्वतःच्या कामावर गेला होता. २०२३ साली कारागिरांसाठी विश्वकर्मा योजना निघाली; तिच्या अठरा व्यवसायांत सुतार आहे, गवंडी आहे, कुलुपे करणारा आहे, परंतु वायरमन नाही. जुन्या बलुत्यांत त्याचे नाव नव्हते, तसेच ह्या नव्या यादीतही नाही.

आता मी अशा दोन गोष्टींकडे वळतो ज्या सरकारच्या नव्हेत, आपल्या हातातल्या आहेत. पहिली उधारी. शेतकऱ्याची पट्टी त्याच दिवशी चुकती करणे ही आपल्या पेठेची अब्रू मानली जाते. हमालाची मजुरी संध्याकाळी दिली जाते. वायरमनचे बिल मात्र पुढील आठवड्यावर, मग अमावास्येनंतर, मग दिवाळीनंतर असे ढकलले जाते. त्याने चौथ्यांदा विचारले की तो उद्धट ठरतो. समजा, त्याचे तीस हजार रुपये तीन महिने अडकले. तेवढ्यात त्याने घरखर्चासाठी सावकाराकडून शेकडा तीन दरमहा व्याजाने तेवढीच रक्कम उचलली, तर व्याजच २,७०० रुपये झाले. म्हणजे नऊशेच्या हिशेबाने त्याचे तीन दिवस फुकट गेले. आपण त्याची मजुरी कमी केली नाही असे आपणांस वाटते. वस्तुतः ती कमी झालेली असते, फक्त ती आपल्या किर्दीत दिसत नाही. नव्या वेतन संहितेने रोजंदारीची मजुरी त्याच दिवशीचे काम संपताच, आठवड्याची मजुरी आठवड्याच्या अखेरच्या कामाच्या दिवशी आणि महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा असे सांगितले आहे. उक्त्या कामाचा वायरमन त्या कलमात बसतो की नाही, हे वकिलांनी पाहावे. न्याय काय आहे हे ओळखावयास व्यापाऱ्याला वकील लागत नाही.

दुसरी गोष्ट ह्याहून नाजूक, परंतु अधिक महत्त्वाची. ती दलालीची. मजुरी इतकी उतरलेली असताना वायरमन टिकतो कसा? ह्याचे उत्तर बाजारात सर्वांना ठाऊक असून कोणी मोठ्याने बोलत नाही. तो धन्यास म्हणतो, सामान अमुक दुकानातून घ्या. आणि दुकानदार त्यास त्या खरेदीवर काही टक्के देतो. धान्याच्या व्यापारात अडत असते, ती उघड असते, पट्टीवर लिहिलेली असते. ही दलाली लपलेली असते, आणि लपलेली दलाली नेहमीच माल बिघडविते. ज्या तारेवर अधिक टक्के, तीच तार उत्तम ठरते. एक हिशेब मांडून पाहू. गुदामाच्या वायरिंगची मजुरी वायरमनने चाळीस हजार सांगितली. आपण घासाघीस करून ती छत्तीसवर आणली व चार हजार वाचविल्याचा आनंद मानला. सामान साठ हजारांचे आले. त्यावर शेकडा दहा दलाली धरली तरी सहा हजार झाले, आणि ते दुकानदाराने आपल्याच बिलातून वसूल केले. म्हणजे चार वाचविले व सहा घालविले. इतक्यावर भागले तर ठीक. परंतु अडीच चौरस मिलीमीटरच्या तारेऐवजी दीडची तार गेली, तर तिचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. तोच भार वाहताना ती तितकीच अधिक तापते. भिंतीत गेलेली तार कोणी मोजून पाहत नाही. आपल्या गुदामात बारदान असते, धान्याचा कोंडा व धूळ असते, वरती लाकडी वासे असतात. ज्या दिवशी ती तार वितळेल त्या दिवशी वाचविलेल्या चार हजारांचा हिशेब कोणाच्या खात्यावर लिहावयाचा?

ह्यावरून कोणी असा अर्थ घेऊ नये की, सर्व वायरमन लबाड आहेत. माझे म्हणणे नेमके उलट आहे. बहुतेक जण सचोटीने काम करू इच्छितात. परंतु ज्याची उघड मजुरी आपण सचोटीची ठेवत नाही, त्यास आपण आडवाटेने जावयास शिकवितो. उघड दर नीट असेल तर लपलेली दलाली आपोआप कमी होते, हे आपल्या पेठेने तोलाई व हमालीच्या बाबतीत अनुभवलेले आहे.

ह्या विचारावर जे आक्षेप घेतले जातील त्यांची मला कल्पना आहे. पहिला आक्षेप असा की, धान्याच्या घाऊक व्यापारात नफा शेकड्याला दीड-दोन. अधिक मजुरी कोठून द्यावी? उत्तर सोपे आहे. वायरिंग हा रोजचा खर्च नव्हे. चाळीस हजारांच्या मजुरीवर शेकडा पंचवीस अधिक दिले तर दहा हजार होतात. वायरिंग वीस वर्षे टिकले तर वर्षाला पाचशे रुपये पडले. २०२४-२५ च्या हंगामात जोंधळ्याचा हमीभाव क्विंटलला ३,३७१ रुपये होता. त्या भावाने ही रक्कम वर्षाला पंधरा किलो जोंधळ्याइतकी झाली. एवढे धान्य आपल्या गुदामात उंदीर खातात.

दुसरा आक्षेप असा की, वायरमन उचल घेऊन नाहीसे होतात, एक काम अर्धवट टाकून दुसरे धरतात. हा आक्षेप खोटा नाही. परंतु त्यामागील कारणही पाहावे. ज्यास पहिल्या कामाचे पैसे वेळेवर मिळण्याची खात्री नसते, तो दुसऱ्या कामाची उचल घेऊन पहिल्या दुकानाची उधारी भागवितो. हे चक्र त्याच्या एकट्याच्या दोषाने फिरत नाही. कामाआधी लेखी अंदाजपत्रक, किती पॉइंट, कोणती तार, किती दिवस, किती उचल, हे दोघांनी कागदावर सह्या करून ठरविले तर निम्मी भांडणे मिटतात. आपण शंभर पोत्यांचा सौदा लिहून ठेवतो. शंभर पॉइंटांचा सौदा तोंडी का करावा?

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मजुरी वाढविली तरी काम सुधारेल याची हमी काय? हमी केवळ पैशाची नव्हे, हे मान्य. पैशाबरोबर परीक्षाही हवी. काम पूर्ण होताच अर्थिंगची मोजणी करून घ्यावी, गळती होताच वीज तोडणारा तीस मिलिअँपिअरचा स्विच बसविला आहे की नाही हे पाहावे, तारेवर मानक संस्थेची खूण आहे की नाही ते वाचावे. माल उतरताना बंबी मारून आपण पोत्यातील दाणा पाहतोच की नाही? तशीच ही बंबी होय. जो कारागीर अशा परीक्षेस उतरतो त्यास चढा भाव द्यावा. जो उतरत नाही त्यास स्वस्तातही घेऊ नये.

भविष्याचाही विचार केला पाहिजे. विजेचे काम आता केवळ दिवा-पंख्याचे राहिलेले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने घराच्या छपरावर सूर्यशक्तीची वीज निर्माण करण्याची योजना काढली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले आणि तीन किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान जाहीर केले. इन्व्हर्टर, विजेच्या गाड्यांचे चार्जर, मोटरींचे वेगनियंत्रक, पहारा ठेवणारे कॅमेरे, ही सर्व कामे जो शिकला त्याची मजुरी चढली, आणि जो जुन्या पद्धतीवरच राहिला त्याची तेथेच थांबली. म्हणजे शिक्षण हे मजुरीचे एक मोठे कारण आहे. परंतु शिकावयास वेळ व पैसा लागतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतन देण्याची सोय आहे. २०१९ साली प्रमाणपत्रधारक शिकाऊ उमेदवारास किमान सात हजार रुपये मासिक विद्यावेतन ठरले. त्या सात हजारांत दुसऱ्या गावी राहून शिकणाऱ्या मुलाचे कसे भागावे, हे ज्यांनी वसतिगृहाचे दर पाहिले आहेत त्यांनी सांगावे. पुष्कळ मुले म्हणूनच अर्ध्यावर शिक्षण सोडून पिशवी खांद्याला लावतात, आणि आपण त्यांनाच स्वस्त म्हणून बोलावतो.

केवळ उपदेश करून लेख संपविणे व्यापाऱ्यास शोभत नाही. यास्तव आपल्या संघापुढे मी पुढील सूचना नम्रपणे ठेवीत आहे. त्यांस फार मोठा खर्च येत नाही.

१. परमिट असलेल्या वायरमनांची व परवानाधारक कंत्राटदारांची एक यादी संघाच्या कार्यालयात ठेवावी आणि सभासदांनी शक्यतो त्यांच्याकडूनच काम घ्यावे. यादीत नाव राहणे न राहणे हे कामाच्या परीक्षेवर अवलंबून असावे.

२. गुदामाच्या व दुकानाच्या वायरिंगसाठी पॉइंटप्रमाणे एक वाजवी दर वायरमनांशीच बसून ठरवावा व तो दर वर्षी महागाई पाहून बदलावा. आपण एकतर्फी ठरविलेला दर हा दर नव्हे, तो हुकूम होय.

३. काम पूर्ण होऊन मोजणी झाल्यापासून आठ दिवसांत बिल चुकते करावे. ज्या सभासदाकडे बिल थकेल त्याच्याशी संघाच्या चिटणिसांनी बोलावे. शेतकऱ्याच्या पट्टीस जो मान आहे तोच मान ह्या बिलास द्यावा.

४. सामान धन्याने स्वतः खरेदी करावे आणि वायरमनला सामान निवडण्याचा मोबदला उघडपणे, मजुरीच्या बिलातच, लिहून द्यावा.

५. २०२२ पासून पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता वीस रुपये असून अपघाती मृत्यूस दोन लाखांचे संरक्षण आहे. आपल्या यादीतील प्रत्येक कामगाराने तो विमा उतरविला आहे की नाही हे संघाने पाहावे. कोणाचा राहिला असेल तर ते वीस रुपये संघाने भरावे. वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम करणाऱ्यास बांधकाम कामगार मंडळात नाव नोंदविता येते. त्यासाठी लागणारा दाखला देण्यास आपल्यापैकी ज्यांची बांधकामे चालू असतात त्यांनी टाळाटाळ करू नये.

६. संघाच्या शिष्यवृत्ती निधीतून दरसाल दोन मुलांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या इलेक्ट्रिशियन अभ्यासक्रमासाठी साहाय्य द्यावे. ती मुले आपल्या समाजाची असोत वा हमालांची, हा भेद करू नये. आणि आपल्या घरातील एखाद्या मुलास ह्या कामाची आवड असेल, तर गादी सोडून पक्कड हाती घेण्यात कमीपणा आहे असे त्यास शिकवू नये.

घरातील भगिनींसही एक विनंती करावयाची आहे. घरी काम करण्यास आलेला वायरमन बहुधा त्यांच्याच देखरेखीखाली काम करतो. त्यास मुख्य स्विच बंद केल्याखेरीज तारेला हात लावू देऊ नये, आणि घाई म्हणून चालू विजेवर काम करण्यास तर मुळीच सांगू नये. दहा मिनिटे पंखा बंद राहिल्याने कोणाचे काही बिघडत नाही. एका माणसाचा जीव गेल्याने त्याचे घर मात्र कायमचे अंधारात जाते.

श्रमाचा भाव हा धान्याच्या भावासारखाच आवक, मागणी, प्रत, जोखीम व उधारी यांनी ठरतो, हे मी वर दाखविण्याचा प्रयत्न केला. परंतु दोहोंत एक भेद आहे, तो विसरता कामा नये. भाव पडला तर धान्य वखारीत ठेवून वाट पाहता येते. मजुराचा आजचा दिवस वखारीत ठेवता येत नाही. तो सूर्य मावळताच संपतो. म्हणूनच ज्याला थांबता येते त्या व्यापाऱ्याने, ज्याला थांबता येत नाही त्याच्याशी सौदा करताना, आपल्या थांबण्याच्या बळाचा फायदा घेऊ नये. तराजू समतोल धरणे ही आपल्या धंद्याची पहिली शिकवण. धान्य मोजताना ती आपण पाळतो. तीच शिकवण मजुरी मोजतानाही पाळली जावी, आणि पुढील वर्षीची स्मरणिका निघेल तेव्हा ह्या सहा सूचनांपैकी निदान दोन तरी अमलात आलेल्या असाव्यात, एवढीच अपेक्षा व्यक्त करून सभासद बंधु-भगिनींची रजा घेतो.